कव्हर्ड वॉरंट : हक्काच्या विक्रीचा शरई विचार

‘कव्हर्ड वॉरंट’ हे नाव मानवतच्या मोंढ्यात आपल्या कानी पडणार नाही. तेथे कापसाची आवक, लिलावाचा दर, सरकीचा भाव आणि जिनिंगवाल्यांची मागणी यांचीच चर्चा चालते. परंतु त्याच मोंढ्यातून कापसाची पट्टी घेऊन घरी परतणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा आज मोबाईलवर ‘कॉल’ आणि ‘पुट’ हे शब्द सहज वापरू लागला आहे. कोणाचा भाऊ परदेशात नोकरीला असतो आणि तिथल्या बँकेने काढलेले ‘वॉरंट’ स्वस्तात मिळते, तोटा ठरावीकच होतो, असे कळवतो. मग जुम्याच्या नमाजनंतर प्रश्न येतो : हे वैध आहे का? प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा होय किंवा नाही एवढेच उत्तर हवे असते. मात्र ज्या व्यवहाराचे स्वरूपच समजलेले नाही त्याचा हुकूम सांगणे फिक्हच्या शिस्तीत बसत नाही. म्हणून प्रिय वाचकहो, हुकुमाकडे वळण्यापूर्वी ही वस्तू नेमकी कशी चालते ते थोडे सविस्तर पाहू.

कव्हर्ड वॉरंट हा एखाद्या बँकेने किंवा वित्तसंस्थेने काढलेला रोखा असतो. तो विकत घेणाऱ्याला एक हक्क मिळतो : अमुक शेअर, अमुक तारखेपर्यंत, अमुक किमतीला घेण्याचा. हा झाला कॉल वॉरंट. ठरलेल्या किमतीला विकण्याचा हक्क असेल तर तो पुट वॉरंट. घेणाऱ्यावर बंधन काहीच नसते. त्याला सोयीचे वाटले तर त्याने हक्क वापरावा, न वाटल्यास सोडून द्यावा. बंधन आहे ते फक्त काढणाऱ्या बँकेवर, आणि या एकतर्फी बंधनाचा मोबदला म्हणून बँक सुरुवातीलाच एक रक्कम घेते. ती परत मिळत नाही. लंडनच्या शेअर बाजारात असे रोखे 2002 पासून विकले जाऊ लागले; हाँगकाँग आणि इटलीत त्यांची मोठी बाजारपेठ आहे. भारतीय शेअर बाजारांत बँकांनी काढलेले असे रोखे विकले जात नाहीत. आपल्याकडे त्यांचे सख्खे भावंड म्हणजे ऑप्शन. निर्देशांकांवरील ऑप्शन भारतात जून 2001 मध्ये आणि कंपन्यांच्या शेअरवरील त्याच वर्षी जुलैमध्ये सुरू झाले. गाभा एकच असल्याने दोहोंचा विचार एकत्र करता येतो.

उदाहरण घेऊ. एका कंपनीचा शेअर आज 500 रुपयांना आहे. बँकेने त्यावर सहा महिन्यांचा कॉल वॉरंट काढला, हक्काची किंमत 520 रुपये, आणि दहा वॉरंट मिळून एका शेअरचा हक्क. एका वॉरंटची किंमत 3 रुपये, म्हणजे एका शेअरमागे 30 रुपये पडले. तुम्ही 9,000 रुपये देऊन 3,000 वॉरंट घेतले. तुमच्या हाती 300 शेअरचा हक्क आला. मुदतीच्या दिवशी शेअर 580 वर असेल तर प्रत्येक शेअरमागे 60 रुपये मिळतील. 9,000 चे 18,000 झाले. जाहिरात येथेच थांबते. शेअर 520 वर किंवा त्याखाली राहिला तर तुमचे सर्व 9,000 रुपये गेले. आता मधली स्थिती पाहा, कारण खरी गोम तिच्यात आहे. शेअर 540 वर गेला, म्हणजे तुमचा अंदाज खरा ठरला, भाव 40 रुपयांनी वाढला. तरी तुम्हाला शेअरमागे 20 रुपये, एकूण 6,000 मिळतील आणि 3,000 रुपयांचा तोटा होईल. त्याच 9,000 रुपयांत ज्याने सरळ 18 शेअर विकत घेतले असते, तो 720 रुपये नफ्यात राहिला असता, आणि भाव पडला असता तरी मालाचा मालक म्हणून वाट पाहू शकला असता. वॉरंट घेणाऱ्याला वाट पाहता येत नाही. भाव वाढणे पुरेसे नाही. तो पुरेसा वाढला पाहिजे आणि मुदतीच्या आत वाढला पाहिजे. रोज एक दिवस सरतो आणि वॉरंटची किंमत तेवढी झिजते. काहीच घडले नाही तरी ती झिजते.

आता ‘कव्हर्ड’ या शब्दाकडे येऊ. मराठीत याचे भाषांतर ‘संरक्षित’ असे केले की ऐकणाऱ्याला वाटते, आपले पैसे संरक्षित आहेत. येथे भाषा फसवते. हे संरक्षण काढणाऱ्या बँकेचे असते. बँकेने एक लाख शेअरइतके वॉरंट विकले तर ती भावाच्या चढउताराची पैज स्वतःच्या अंगावर ठेवत नाही. ती बाजारातून काही शेअर विकत घेऊन ठेवते. भाव चढू लागला, देणे लागण्याची शक्यता वाढली, की आणखी घेते. भाव उतरला की विकते. हे काम संगणक दिवसभर करत असतो. या खटाटोपाला येणारा खर्च आणि त्यावरचा नफा बँकेने वॉरंटच्या किमतीत आधीच धरलेला असतो. सौदा झाल्यावर चिंता फक्त एकाच पक्षाकडे उरते. शिवाय बँक बुडाली तर हा रोखा म्हणजे एक साधे, विनातारण देणे. 15 सप्टेंबर 2008 रोजी अमेरिकेतील लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा त्या समूहाची प्रमाणपत्रे घेतलेले जर्मनीतील हजारो सामान्य बचतदार याच रांगेत उभे राहिले होते.

एक गल्लत येथेच दूर करावी. आपल्या वर्तमानपत्रांत एखाद्या कंपनीने प्रवर्तकांना वॉरंट दिल्याची बातमी येते, तो प्रकार वेगळा. तेथे कंपनी स्वतःचे नवे शेअर देण्याचे ठरवते, घेणारा किमतीच्या किमान 25 टक्के रक्कम आधी भरतो, उरलेली 18 महिन्यांच्या आत, आणि आधी भरलेली रक्कम किमतीतच धरली जाते. न भरल्यास ती बुडते. हे इसाराच्या जवळचे आहे. इसाराकडे आपण पुढे येऊच.

हे सारे परदेशातून आलेले नवे प्रकार आहेत, आपल्या मातीला त्यांची ओळख नाही, असे कोणी समजू नये. मुंबईच्या कापूस बाजारात हाच व्यवहार तेजी-मंदी या नावाने पिढ्यानपिढ्या चालत होता. थोडी रक्कम देऊन पुढच्या मुदतीला ठरल्या भावाने कापूस घेण्याचा हक्क विकत घ्यावा, ती तेजी. विकण्याचा हक्क, ती मंदी. गठाण न पाहता, गोदाम न उघडता फरकाचे पैसे घेऊन लोक घरी जात. याचा उपद्रव इतका झाला की 1939 मध्ये मुंबई प्रांताला कापसातील ऑप्शनवर बंदी घालणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. 1952 च्या वायदे व्यवहार नियमन कायद्याने सर्वच मालातील ऑप्शन निषिद्ध ठरवले आणि व्याख्येत तेजी, मंदी, तेजी-मंदी आणि गल्ली हे देशी शब्द नावानिशी घातले. शेअरवरील ऑप्शनवरही 1956 च्या कायद्याने बंदी होती. ती 1995 मध्ये उठली. कापसाच्या भावाशी निगडित आणखी एक व्यवहार याच मुंबईत जन्मला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे दर तारेने येत आणि त्या दरांच्या आकड्यांवर लोक पैजा लावत. पुढे ते दर येणे बंद झाले, तेव्हा आकडे मडक्यातून काढले जाऊ लागले. मटका हा शब्द आपल्या घराघरांत कोणती आग घेऊन आला ते वेगळे सांगायला नको. माझे म्हणणे ऑप्शन म्हणजे मटकाच असे नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पण कापूस बाजूला राहिला आणि केवळ भावाचा आकडा उरला की वाट कोठे जाते, हे या प्रांताने पाहिलेले आहे.

आता शरीअतचा विचार. शरीअत जोखमीच्या विरोधात आहे, हा समज चुकीचा आहे. पेरणी हीच जोखीम. व्यापार ही जोखीम. माल विकत घेऊन तो गोदामात ठेवणारा व्यापारी भाव पडण्याची जोखीम घेतो आणि म्हणूनच त्याचा नफा त्याला हलाल होतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ज्या विक्रीत गरर आहे, म्हणजे जिचे फलित अंधारात आहे, ती विक्री मना केली, सहीह मुस्लिममधील ही हदीस या प्रकरणाचा पाया आहे. हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांनी विचारले होते की, ग्राहक माझ्याकडे नसलेली वस्तू मागतो, ती त्याला आधी विकून मग बाजारातून आणून देऊ का? प्रेषितांनी (स.) त्यांना आपल्याजवळ नसलेली वस्तू विकण्यापासून रोखले. सूरह अन्-निसाच्या 29 व्या आयतीत परस्परांची मालमत्ता अनुचित मार्गाने खाण्यास मनाई आणि परस्पर संमतीच्या व्यापारास परवानगी आहे, आणि सूरह अल्-माइदाच्या 90 व्या आयतीत मैसिर, म्हणजे जुगार, वर्ज्य ठरवला आहे.

कव्हर्ड वॉरंटच्या बाबतीत पहिला प्रश्न असा : विकले काय गेले? शेअर नाही, कापूस नाही, सेवाही नाही. पुढे विकण्याचे एक वचन विकले गेले. वचन देणे जायज आहे आणि दिलेले पाळणे ही मुसलमानाची जबाबदारी आहे. पण वचन ही किंमत घेऊन विकण्याची वस्तू नव्हे. मुफ्ती मुहम्मद तकी उस्मानी यांनी ऑप्शनसंबंधी हेच मत मांडले आहे. जिद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने मे 1992 मधील आपल्या सातव्या अधिवेशनात, ठराव क्रमांक 63 द्वारे, निर्णय दिला की जगातील बाजारांत आज चालणारे ऑप्शनचे करार वैध नाहीत, कारण कराराचा विषय ना माल आहे, ना उपयोग, ना मोबदला घेऊन सोडता येईल असा आर्थिक हक्क. बहरीनस्थित आयोफी संस्थेच्या शरई मानकांतही हीच भूमिका आहे.

येथे जाणकार वाचक अडवील आणि त्याने अडवावेही. याच अकादमीने 1988 मध्ये व्यापारी नाव, ग्रंथाचा हक्क, शोधाचा हक्क यांना आर्थिक मूल्य मानून त्यांची विक्री मान्य केली आहे. मग हा हक्क का चालत नाही? हनफी फुकहांनी ‘हुकूक-ए-मुजर्रदा’, म्हणजे निव्वळ हक्क, यांच्या मोबदल्याची चर्चा केली आहे आणि उर्फ, म्हणजे रूढी, लक्षात घेऊन काही हक्क मोबदला घेऊन सोडणे मान्यही केले आहे. फरक मला येथे दिसतो : ग्रंथाचा हक्क लेखकाच्या श्रमातून आधीच अस्तित्वात आलेला असतो आणि मग विकला जातो. वॉरंटचा हक्क आधी कोठेच नव्हता. तो विकण्याकरिताच घडवला गेला. ज्याच्याकडे काल एकही शेअर नव्हता, ती बँकही आज लाखभर शेअरचे हक्क घडवू शकते. त्याला मागणी आहे एवढ्यावरून तो माल ठरत नाही.

दुसरी बाजू लपवणे योग्य नाही. मलेशियाच्या सिक्युरिटीज कमिशनच्या शरीअत सल्लागार मंडळाने मूळ शेअर शरीअतसंमत असल्यास कॉल वॉरंट वैध मानला आहे, आणि मुहम्मद हाशिम कमाली यांच्यासारख्या अभ्यासकांनी ऑप्शनच्या वैधतेच्या बाजूने विस्ताराने लिहिले आहे. त्यांचा एक आधार अरबूनचा आहे. अरबून म्हणजे आपला इसार किंवा बयाणा. हा बयाणा शब्दही अरबीतील ‘बैअ’पासूनच मराठीत आला. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात मक्केत तुरुंगासाठी सफवान बिन उमय्या यांचे घर या अटीवर घेतले गेले की, खलिफांनी पसंत केल्यास सौदा पूर्ण, अन्यथा सफवान यांना ठरावीक रक्कम मिळेल. इमाम अहमद यांनी या घटनेच्या आधारे इसाराचा सौदा मान्य केला. इतर तीन इमामांनी तो मान्य केला नाही. फिक्ह अकादमीने 1993 मध्ये मुदत ठरलेली असल्यास तो स्वीकारला. परंतु इसारात घर असते, घराचा सौदा झालेला असतो, आणि सौदा पूर्ण झाल्यास इसार किमतीतून वजा होतो. वॉरंटचे 3 रुपये कधीच वजा होत नाहीत. तुम्ही हक्क वापरला तरी 520 पूर्ण द्यायचे, 30 वेगळे गेले. इसारपावती तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला विकत जाण्याची सोयही अरबूनमध्ये नाही. म्हणून मलेशियातील आलिमांचा पूर्ण आदर ठेवूनही मला बहुसंख्यांचे मतच सबळ वाटते.

आणि हिशोब रोखीत मिटतो तेव्हा तर वादाला फारशी जागा उरत नाही. आजचे बहुतेक कव्हर्ड वॉरंट आणि आपल्याकडील निर्देशांकांचे सर्व ऑप्शन असेच मिटतात. निर्देशांक ही घरी आणण्याची वस्तूच नव्हे. दोघांनी एका आकड्याबद्दल करार केला. आकडा वर गेला तर याने द्यायचे, न गेला तर त्याने दिलेले बुडाले. किमारची ओळख याहून वेगळी काय असते?

तरुण वाचक म्हणेल, नुकसान तर भरलेल्या रकमेपुरतेच मर्यादित आहे. खरे आहे, एका सौद्यापुरते. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात गेल्या. प्रत्येकी सरासरी सुमारे 2 लाख रुपये, एकूण 1.8 लाख कोटींहून अधिक. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त नफा मिळवणारे अवघे 1 टक्का. तोटा सोसणाऱ्या या वर्गातील तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांचे जाहीर वार्षिक उत्पन्न 5 लाखांखाली होते, आणि बहुसंख्य मोठ्या शहरांबाहेरचे होते, म्हणजे तुमच्या-आमच्या गावांतले. त्याच अभ्यासानुसार 2023-24 या एका वर्षात स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या दलाल संस्थांनी सुमारे 33 हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी सुमारे 28 हजार कोटी ढोबळ नफा मिळवला, आणि तो बहुतांश संगणकाच्या आज्ञावलीने. 2024-25 मध्येही व्यक्तींचा तोटा सुमारे 1.05 लाख कोटी राहिला. शरीअतचा हुकूम या आकड्यांवर अवलंबून नाही. उद्या 93 टक्के लोक नफ्यात आले तरी तो बदलणार नाही. पण मर्यादित नुकसानीचा दावा किती खरा आहे ते यावरून कळते.

राहिला एक प्रामाणिक प्रश्न, आणि तो सट्टेबाजाचा नाही. ज्याच्याकडे खरोखर कापूस आहे, त्याने भाव पडण्यापासून बचाव करूच नये का? करावा. येथे आपल्या गावातील एक व्यवस्था लक्षात घेण्याजोगी आहे. सरकार कापसाला हमीभाव जाहीर करते. 2025-26 साठी मध्यम धाग्याला क्विंटलमागे 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये. बाजार याखाली गेला आणि कापूस प्रतीत बसला तर भारतीय कापूस महामंडळाला विकण्याची मुभा, बाजार वर असेल तर व्यापाऱ्याला. नीट पाहा, आकार पुट वॉरंटचाच आहे. फरक इतका की या वचनाची किंमत शेतकऱ्याकडून घेतली जात नाही, हे वचन कोणी कोणाला विकत नाही, आणि विक्री होते ती काट्यावर माल चढल्यावर. म्हणून त्यात शरई दोष नाही. हमी घेणे हराम नाही. हमीला बाजारातला माल बनवणे आक्षेपार्ह आहे. केंद्रावरील नोंदणीच्या रांगा आणि ओलाव्याची कपात हा वेगळा विषय, त्यावर मोंढ्यात बोलणारे पुष्कळ आहेत.

याखेरीज शरीअतने दिलेले दोन मार्ग जिनिंगवाल्या आणि व्यापारी बांधवांनी वापरून पाहावेत. एक खियार-ए-शर्त. हजरत हब्बान बिन मुन्किज (रजि.) व्यवहारात फसत असत, त्यांना प्रेषितांनी (स.) तीन दिवसांच्या फेरविचाराची मुभा मागून घेण्यास शिकवले. इमाम अबू हनीफा ही मुदत तीन दिवसांपुरती मानतात. इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांच्या मते ठरलेली अधिक मुदतही चालते. ही मुभा खऱ्या सौद्याच्या पोटात असते, तिची वेगळी किंमत घेता येत नाही.

दुसरा मार्ग बैअ-ए-सलम. मदिनेचे लोक फळांचे पैसे वर्ष-दोन वर्षे आधी देत असत, प्रेषितांनी (स.) त्यांना माप, वजन आणि मुदत निश्चित करण्याची अट घातली. कापसात तो असा होईल : प्रत, धाग्याची लांबी, ओलाव्याची मर्यादा, क्विंटल, पोहोचवण्याचे ठिकाण आणि तारीख लिहून घ्यावी आणि पूर्ण रक्कम त्याच बैठकीत द्यावी. अर्धी आज, अर्धी माल आल्यावर, असे केल्यास तो सलम राहत नाही. ‘तुझ्या अमुक शेतातला कापूस’ असे लिहू नये, कारण त्या शेतावर बोंडअळी आली तर करार कशावर उभा राहणार? प्रत आणि वजन लिहावे, कोणत्याही शेतातून पुरवावे. हनफी मतानुसार तसा माल करारापासून मुदतीपर्यंत बाजारात उपलब्ध असला पाहिजे. कापूस साठवला जात असल्याने ही अट पूर्ण होणे अवघड नाही. माल ताब्यात येण्यापूर्वी घेणाऱ्याने तो पुढे विकू नये. आणि शेतकऱ्याची दवाखान्याची निकड पाहून निम्म्या भावात लिहून घेणारा कागद सर्व अटी पूर्ण करत असला, तरी त्या व्यापाऱ्याने सूरह अल्-मुतफ्फिफीन एकदा वाचून मगच सही करावी.

शेवटी ज्यांनी हे व्यवहार आधी केलेले आहेत त्यांच्याविषयी. मूळ गुंतवलेली रक्कम तुमची आहे, ती ठेवावी. वर मिळालेला नफा घरखर्चात, उमराहच्या प्रवासात किंवा मशिदीच्या बांधकामात वापरू नये. पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकावा. ज्यांचा तोटा झाला आहे आणि त्यासाठी उसने घेतलेले आहे, त्यांच्यावर ते उसने फेडण्याची जबाबदारी कायम राहते. देणाऱ्याने मुद्दल मागणे त्याचा हक्क आहे, व्याज मागणे नाही. तोटा भरून काढण्यासाठी ‘आणखी एकदाच’ म्हणून पुन्हा सौदा करणे जायज नाही. मुदत बाकी असलेला रोखा हाती असेल तर त्यात भर घालू नये, आणि तो कसा संपवावा हे आपली कागदपत्रे घेऊन जवळच्या मुफ्तीसाहेबांना प्रत्यक्ष भेटून विचारावे, कारण शेअरचा प्रकार, कराराची अट आणि भरलेली रक्कम पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.